भ्या वाटतं, तरी बघायचंय!

या अंकासाठी ‘भीती आणि तिची ओढ’ या विषयावर प्रश्न मागवले होते. कोल्हापूर शहरातल्या पेठांतून, कागल-पन्हाळ्याकडून, एमआयडीसीतून पत्रं आली. रंगमंचाची प्रकाशयोजना, लोककथा आणि मानसोपचार या क्षेत्रांतल्या जाणकारांनी मिळून उत्तरं लिहिली आहेत. पत्रलेखकांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

मंगळवार पेठेत आमचं तालीम मंडळ आहे. गेल्या गणपतीत पडक्या वाड्याचा भीतिदायक सजीव देखावा केला. सांगाडे, लाल दिवे, धूर, स्मशानातले आवाज, काहीच कमी ठेवलं नव्हतं. तरी लोक हसत बाहेर पडायचे. यंदा वर्गणी तेवढीच आहे. चुकलं कुठं?

काहीच कमी ठेवलं नव्हतं, तिथंच चुकलं. दारातच सांगाडा दिसला की माणसाला कळतं, आत भुताचा खेळ आहे. मग तो खेळ तपासायला आत शिरतो, दोरी कुठं आहे, माणूस कुठं लपलाय हे शोधतो आणि सापडलं की हसतो. भीती बसते ती साध्या, ओळखीच्या जागेत काहीतरी जरासं बिनसलं की. म्हणून पहिला बदल हा करा: देखाव्याच्या पहिल्या अर्ध्या भागात भुताचं एकही चिन्ह नको. जुन्या वाड्याचा सोपा म्हणजे ओसरी, कंदील, पाट, पाण्याचा तांब्या, खुंटीला छत्री, एवढंच.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. झगमगत्या रस्त्यावरून आत आलेल्या माणसाच्या डोळ्यांना अंधार पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तुमच्या हातात आठ-दहा मिनिटंच असतात. त्यामुळं आत येताच मिट्ट काळोख केला, तर त्याला तुमचे कष्ट दिसतच नाहीत आणि तो मोबाईलचा टॉर्च लावतो. आत शिरायला सहा-सात मीटरचा, मध्ये एक वळण असलेला बोळ करा. दोन्ही बाजूंनी काळं कापड दुहेरी लावा, एकेरी कापडातून रस्त्याचा उजेड गाळून येतो. बोळाच्या सुरुवातीला जरा जास्त उजेड, वळणावर कमी, शेवटी एकच 5 वॉटचा पिवळा दिवा. वळणाशी गट दोन मिनिटं थांबवून निवेदन ऐकवा. तेवढ्यात डोळे निदान अर्धेमुर्धे तयार होतात. लाल दिवे काढून टाका. सगळंच लाल असलं की पाच मिनिटांत नजरेला त्याचं काही वाटत नाही, आणि लाल उजेडात नकली रक्त दिसेनासं होतं ते वेगळंच.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी एक पैसाही जास्त लागत नाही. सोप्यात भिंतीला टेकून घोंगडी पांघरलेल्या चार आकृती बसवा. तीन पेंढ्याच्या, चौथी जिवंत माणसाची. निवेदनात त्यांचा उल्लेखच करू नका. लोक पाच मिनिटं त्यांच्याकडे बघतात, पुतळे आहेत असं ठरवतात आणि विसरतात. मग चौथी आकृती फक्त मान वळवते, सावकाश, तीन-चार सेकंद घेऊन, गटातल्या कुणा एकाकडे. उठायचं नाही, ओरडायचं नाही. जे ठरवून टाकलं होतं ते खोटं निघालं, याचाच धसका बसतो. नवख्या नटाचं इथं दोन प्रकारे चुकतं. एक, त्याचा श्वास दिसतो, म्हणून घोंगडी छातीवर ताणून न बसवता खांद्यावरून सैल सोडा आणि चारही आकृत्यांना सारखीच. दोन, तिसऱ्या-चौथ्या खेळाला त्याचे पाय अवघडतात आणि तो चुळबुळ करतो. दर तीन खेळांनी माणूस बदला.

चेहऱ्यावरचा उजेड खालून द्या. ऊन असो की घरातला बल्ब, उजेड वरून येतो, तशी आपल्या नजरेला सवय असते. खालून आला की नाकाची, भुवयांची सावली उलटी पडते आणि ओळखीचा चेहराही परका वाटतो. एलईडी टॉर्चवर पुठ्ठ्याची वीतभर नळी चढवली की उजेड तोंडापुरता राहतो, मागचा पडदा उजळत नाही.

आवाजाच्या बाबतीत बहुतेक मंडळांची गफलत एकच असते. सुरुवातीपासूनच स्पीकर फोडलेला असतो. कान सरावले की दचकवायला वर जागाच उरत नाही. रातकिडे, वारा असा पार्श्वआवाज बोलण्याइतका किंवा त्याहून खाली ठेवा. धक्क्याआधी तोही बंद करून तीन-चार सेकंद पूर्ण शांतता द्या. शांतता झाली की लोक आपोआप श्वास रोखतात. मग आवाज मागून यावा, एक छोटा स्पीकर गटाच्या पाठीशी किंवा लाकडी फळीखाली ठेवून. एका खेळात असे धक्के दोनच, आणि दुसरा पहिल्यापेक्षा वेगळ्या दिशेने. तिसऱ्याला लोक तयार असतात, त्यांना हसू येतं. निवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, आणि रात्री दहानंतर भोंगा लावायचा तर सवलतीचे दिवस आधी विचारून घ्या. हळू आवाजाचा देखावा इथंही तुमच्याच फायद्याचा.

धुराबद्दल जरा सविस्तर, कारण धोका इथंच आहे. सुका बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे 78 अंशांचा. गरम पाण्यात टाकला की जमिनीलगत लोळणारं सुंदर धुकं मिळतं. पण 1 किलोपासून सुमारे 500 लिटर वायू होतो, तो हवेपेक्षा जड असल्यानं खाली साठतो, आणि खालीच लहान मुलं उभी असतात, घोंगडीतला नट बसलेला असतो. बंदिस्त मांडवात तो वापरूच नका. खालून हवा खेळती असेल तरच वापरा, एका वेळी थोडा, जाड हातमोजे घालून, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात कधीही नाही, डबा फुटतो. फॉग मशीन त्यापेक्षा बरं, पण त्याचा धूर वर चढतो. लुकलुकणारा स्ट्रोब लाइट ठेवायचाच असेल तर सेकंदाला तीनपेक्षा कमी झपके ठेवा. त्याहून वेगवान झपक्यांनी काहींना फीट येऊ शकते.

बाहेर पडायची वाट वेगळी आणि निदान चार फूट रुंद हवी. आत टॉर्च घेतलेला एक कार्यकर्ता, आणि एकाच बटणावर सगळे दिवे लागतील अशी सोय. भाद्रपदातला पाऊस धरून वायरिंगला 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारं बटण) आणि अर्थिंग सक्तीचं समजा. कापडी मांडवात मशाल, कापूर, खरा कंदील नको, कंदिलात बॅटरीचा दिवा ठेवा. हृदयविकार, गरोदरपण आणि कडेवरची पोरं यांच्यासाठी दारावर पाटी आणि शेजारून निघायची वाट ठेवा. ही वाट दिसत असली की लोक जास्त निर्धास्त होऊन घाबरतात.

आम्ही उत्तरेश्वर पेठेतली चार मुलं मोबाईलवर भयपटाची शॉर्टफिल्म करतोय. रक्त किती दाखवावं? आणि ते घरी कसं करायचं?

हा प्रश्न कोल्हापूरला शंभर वर्षांपूर्वीच पडला होता. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ 1920 साली आला. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब होता की सेन्सॉरने तो भाग कापायला लावला. मूकपट होता हे लक्षात घ्या. किंकाळी नाही, पडद्यातून कसलाच आवाज नाही, नुसत्या चित्रानं लोकांची ही गत झाली. पण तेव्हाच्या प्रेक्षकानं पडद्यावर असं काही आधी पाहिलेलं नव्हतं. तुमच्या प्रेक्षकानं हातातल्या फोनवर सगळं पाहिलंय. त्याच्यापुढं बादलीभर रक्त ओतलं तरी तो ‘कसं केलं असेल’ एवढाच विचार करणार.

याच गावातलं दुसरं उदाहरण बघा. नवरात्रात ललिता पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळा फोडतात. राक्षसाचा वध होतो तो एका कुमारिकेच्या हातून, कोहळ्यावर. रक्ताचा थेंब नाही, तरी अख्खी टेकडी डोळे लावून उभी असते आणि कोहळ्याच्या फोडीसाठी झुंबड उडते. वार कशावर झाला ते दाखवलं नाही तरी चालतं, वार होणार हे मात्र सगळ्यांना आधीपासून ठाऊक हवं. तेव्हा आमचं मत असं: रक्त एकदाच, थोडं, आणि नको त्या ठिकाणी दाखवा. जखमेवर दाखवण्यापेक्षा दुधाच्या पिशवीवर बोटाचा एक ठसा जास्त बोलतो.

करायचं असं. बेकरीचं सामान मिळतं तिथून लिक्विड ग्लुकोज आणा. ते 200 ग्रॅम घ्या, त्यात दोन चमचे काकवी. आपल्याकडं काकवी घरात असतेच, आणि तिच्यामुळं रक्ताला हवा तो काळपटपणा येतो, नुसत्या रंगानं ते सरबतासारखं दिसतं. पाव चमचा लाल खायचा रंग दोन चमचे कोमट पाण्यात विरघळवून मिसळा. जिलेबीचा रंग चालत नाही, तो केशरीकडं जातो. मग निळ्या रंगाचा एक थेंब, फार तर दोन. तिसऱ्या थेंबाला ते जांभळं होतं आणि मागं फिरता येत नाही. अर्धा चमचा कोको पावडर आधी थोड्या पाण्यात कालवून गाळून घाला, कोरडी टाकली तर गुठळ्या होतात. कोकोमुळं रक्त अपारदर्शक होतं. ताज्या जखमेला एवढं पुरे. वाळलेल्या डागासाठी काकवी आणि कोको दुप्पट करा.

रंग डोळ्यांनी ठरवू नका, ज्या उजेडात शूट आहे त्यात फोननंच बघा. फोन आपल्या मनानं रंग सुधारतो आणि रक्त गुलाबी होतं. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर लॉक करून मगच चाचणी घ्या. अंगाला लावण्याआधी खोबरेल तेल चोळा, नाहीतर लाल डाग दोन दिवस निघत नाही. मनगटावर थेंब लावून अर्धा तास थांबा, खाज आली तर त्या नटाला लावू नका. शेंदूर किंवा हलकं कुंकू रंगासाठी कधीही वापरू नका, शेंदुरात शिसं असू शकतं. कपड्यांचे दोन जोड ठेवा आणि डाग लगेच गार पाण्यात बुडवा. साखर असल्यामुळं दहा मिनिटांत मुंग्या येतात, तेव्हा रक्ताचा शॉट शेवटी ठेवा. रस्त्यावर शूट करत असाल तर आसपासच्या घरांना आणि पोलीस चौकीला आधी सांगा. रक्तानं माखलेला पोरगा बोळात पडलेला बघून लोक मदतीला धावतात, आणि धावायलाच हवं.

मी शिवाजी विद्यापीठात शिकते. भयपट बघायचाच असतो, बोटांच्या फटीतून का होईना. मग रात्री झोप नाही. मैत्रिणी म्हणतात, तुला त्रासच आवडतो. यात काही विचित्र आहे का?

विचित्र काही नाही. तांबडा रस्सा भुरकताना नाकाडोळ्यांतून पाणी येतं आणि तरी आपण वाटी पुढं करतो, त्याच जातीची ही गोष्ट आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहकाला चिकटतं, तो एरवी साधारण 43 अंशांपुढच्या उष्णतेला जागा होतो. त्यामुळं मेंदूला खबर जाते ‘भाजलं’, आणि खरं तर काहीच भाजलेलं नसतं. पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं माणसं मिरची का खातात याचा अभ्यास केला, आणि त्यातून हेच पुढं आलं की शरीर ओरडतंय पण धोका नाही, हे आपल्याला ठाऊक असण्यात मजा असते. भयपटातही मेंदूतला अमिग्डाला धोक्याची घंटा वाजवतो, अॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, आणि त्याच वेळी हातात पॉपकॉर्न असतं.

पुढचा भाग डॉल्फ झिलमन या संशोधकानं मांडला. धडधड लगेच उतरत नाही आणि त्यानंतर येणारी भावना तिच्यामुळं जास्त ठळक होते. सिनेमा सुटल्यावर मैत्रिणींबरोबरचा चहा इतका गोड का लागतो, ते यामुळं. आणि तुम्ही एकट्या, रात्री, अंथरुणात सिनेमा संपवून दिवा मालवलात, तर त्याच धडधडीला पुढं मिळतो तो अंधार आणि शांतता. मग भीतीच ठळक होते.

म्हणून वेळ बदला. सिनेमा संध्याकाळी बघा आणि नंतर निदान अर्धा-पाऊण तास साधं काम करा, भांडी घासा, जेवा, गप्पा मारा. हेडफोन काढा, कानाच्या आत आवाज आला की तो खोलीतच असल्यासारखा वाटतो. फारच झालं तर आवाज बंद करून दृश्य बघा, निम्मी भीती तिथंच गळते. डोळे मिटून आवाज ऐकणं मात्र उलट महाग पडतं, कारण न दिसलेलं तुम्ही मनानं रंगवता. आणि अर्ध्यात सोडू नका. सोडलेला सिनेमा डोक्यात चालूच राहतो, निदान शेवट वाचून घ्या. तिखटावर पाणी प्यायल्यानं काही होत नाही, कॅप्सेसिन स्निग्धात विरघळतं, म्हणून नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा सोबत असतो. सिनेमालाही असा एक पांढरा रस्सा लावून घ्या: त्यानंतर लगेच, रोज ठरलेलं काहीतरी हलकंफुलकं. दोन-तीन आठवडे झोप उडालेली राहिली, किंवा एकटं राहणं, अंधारात जाणं टाळू लागलात, तर मात्र समुपदेशकाला भेटा.

रंकाळ्याकडचा नंदी रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो, आणि तो पाण्यात पोचला की प्रलय होणार, असं आजोबा सांगतात. मी दहा वर्षांचा आहे. किती वर्षं उरली?

छान प्रश्न आहे, आणि याचं गणित तुला स्वतःला करता येईल. गव्हाचे दहा दाणे लांबीला लांबी लावून मोज, दहानं भाग. तसंच तांदळाचं कर. समजा फरक 1 मिलिमीटर आला. वर्षाला झाले साडेछत्तीस सेंटिमीटर, साठ वर्षांत जवळजवळ 22 मीटर. आता घरातला किंवा शेजारच्यांकडचा रंकाळ्याचा जुना फोटो शोध, ज्यात नंदी आणि आसपासचं काहीतरी न हलणारं दिसतंय. तिथंच उभा राहून नवा फोटो काढ आणि ताडून बघ. आणखी एक कर: लांब दाण्याचा बासमती घेऊन पुन्हा मोज. तो गव्हाहून लांब असतो, म्हणजे त्या हिशेबानं नंदी पाण्यापासून दूरच जायला हवा. आजोबांना हे नक्की सांग. त्यांच्याकडं गोष्टीचा पुढचा भाग असेल. ही गोष्ट इतकी वर्षं टिकली कारण प्रलयासारखी मोठी भीती त्यात धान्याच्या एका दाण्यात बसवलीय, आणि ती जागा रोज फिरायला जाता-येता दिसते.

कागल तालुक्यातून लिहिते. सहा वर्षांचा नातू रोज भुताची गोष्ट मागतो. सांगितली की रात्री मोरीकडं एकटा जात नाही. सून म्हणते, बंद करा. बंद करावं का?

आजी, बंद करू नका, पण वेळ आणि घडण बदला. सूनबाईंचं म्हणणंही चूक नाही. सहा-सात वर्षांपर्यंत ‘मनातलं’ आणि ‘खरं’ यांच्यामधली भिंत पातळ असते. दिवसा त्याला कळतं की भूत गोष्टीत आहे, रात्री मोरीच्या दाराशी ती भिंत विरघळते. अशा वेळी ‘भूत नसतंय’ हे शंभरदा सांगून उपयोग होत नाही.

गोष्ट अंथरुणात नको. दिवेलागणीच्या आधी, अंगणात किंवा सोप्यात, दहा मिनिटांची. भूत आपल्या घरात, आपल्या परसातल्या झाडावर, मोरीत बसवू नका. ते ओढ्यापलीकडच्या पिंपळावर ठेवा. आपल्या जुन्या भुतांकडं बघा, प्रत्येकाला नियम आहेत. मुंजा पिंपळ सोडत नाही. हडळीचे पाय उलटे. भूत नाकात बोलतं. हे नियम मुलाच्या हातातली काठी असतात: ओळखता आलं की फसवता येतं. म्हणून गोष्टीत भूत कितीही मोठं असू दे, त्याचा एक नियम नातवाला आधीच सांगा आणि शेवटी त्याच नियमानं त्याला हरवा. भोपळ्यात बसून वाघाला चकवणारी म्हातारी पोरांना का आवडते? वाघ खरोखर खाणार असतो आणि म्हातारीकडं युक्ती असते, म्हणून. दोन्ही हवं. नुसतं गोंडस भूत केलं तर तो उद्या गोष्टच मागणार नाही.

त्याच्या हातात लगाम द्या. ‘थांब’ म्हटलं की आजी थांबते, एवढा करार करा आणि पाळा. बहुतेकदा तो थांबवून, जवळ सरकून, ‘आता सांग’ म्हणेल. शेवट तुम्ही अर्धवट ठेवून ‘उद्या’ म्हणू नका, या वयात नाही. मोरीसाठी त्याचा स्वतःचा छोटा टॉर्च द्या. पहिले चार दिवस दारापर्यंत जा, मग सोप्यात उभ्या राहा, मग अंथरुणातून हाक द्या.

रात्रीच्या आवाजांची ओळख करून द्या, हे फार उपयोगी पडतं. चिरकणारं ते गव्हाणी घुबड, जुन्या माळ्यावर राहतं आणि उंदीर खातं. टिटवी ओरडली की अपशकुन म्हणतात, पण ती जमिनीवर अंडी घालते आणि घरट्याजवळ कुत्रं-माणूस आलं की ओरडते. ‘टिटवीच्या पोरांजवळ कोण गेलं असंल रं?’ असं विचारलं की तोच कान देऊन ऐकू लागतो.

आणि जेवण्या-झोपण्यासाठी ‘बागुलबुवा येईल’ म्हणणं मात्र पूर्ण बंद. गोष्टीतलं भूत गोष्टीबरोबर संपतं. धमकीतला बागुलबुवा संपत नाही, आणि तो त्याच माणसाच्या तोंडून येतो ज्याच्या कुशीत शिरायचं असतं.

गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फाउंड्रीत शिफ्टला असतो. महिन्यात दोन-तीनदा पहाटे जाग येते, पण हात-पाय हलत नाहीत, छातीवर कुणीतरी बसलेलं जाणवतं, कोपऱ्यात सावली दिसते. घरचे बाहेरचं बघायला सांगतात.

याला झोपेतला तात्पुरता लुळेपणा म्हणतात आणि तो बऱ्याच जणांना होतो. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू स्नायू बंद ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नातली पळापळ अंथरुणात केली असती. कधी कधी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून सुटतात. स्वप्नाचा तुकडा उघड्या डोळ्यांपुढं तसाच राहतो, तीच सावली. छातीचे वरवरचे स्नायू साथ देत नाहीत म्हणून दडपण वाटतं, पण श्वासपटल काम करत असतं. श्वास बंद पडत नाही. काही सेकंद ते एक-दोन मिनिटांत सुटतं.

तेव्हा उठून बसायची धडपड करू नका, तिनं घाबरगुंडी वाढते. पायाचा अंगठा किंवा करंगळी हलवायचा प्रयत्न करा आणि श्वास मोजा. घरच्यांना सांगून ठेवा, घुसमटल्यासारखा आवाज ऐकू आला तर नुसता हात लावायचा. उताणं झोपल्यावर हे जास्त होतं, कुशीवर झोपा, पाठीशी उशी ठेवा. बदलत्या शिफ्टमध्ये झोप तुटणं हे मोठं कारण आहे. रात्रपाळीनंतर खोलीत पूर्ण अंधार करा, एकाच वेळी झोपा, शिफ्टच्या शेवटच्या चार-पाच तासांत चहा नको. दिवसा काम करता करता झोप कोसळत असेल, किंवा हसताना गुडघे सुटत असतील, तर डॉक्टरांना जरूर दाखवा, तो वेगळा आजार असू शकतो.

दुकानासमोर तिकटीवर अमावास्येला कुणीतरी उतारा ठेवतं. गिऱ्हाईक वळसा घालून जातं. काय करावं?

झाडू-सुपली घेऊन सगळ्यांदेखत उचला, नारळ-लिंबू ओल्या कचऱ्यात, टाचण्या-खिळे असले तर कागदात गुंडाळून वेगळे, आणि जागा पाण्यानं धुवा. चोरून, पहाटे उचललं तर भीती तशीच राहते. लोकांनी बघायला हवं की उचललं आणि दुकान रोजच्यासारखं उघडलं. ठेवणारा बहुतेकदा स्वतःच कशानं तरी धास्तावलेला असतो, त्याच्याशी भांडण नको. पण यावर ‘तोड’ काढून देतो म्हणून कुणी पैसे मागू लागला किंवा धमकावू लागला, तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यात सहा महिने ते सात वर्षं कैद आणि 5 हजार ते 50 हजार दंड आहे. पोलीस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी यासाठी नेमलेला असतो. पैसे मागितल्याचा मेसेज, कॉल जपून ठेवा.

पावसाळ्यात मसाई पठारावर धुक्यात दोन तास चाललो आणि जिथून निघालो त्याच दगडाशी परत आलो. गावकरी म्हणाले, चकवा लागला. हे होतं कसं आणि पुन्हा झालं तर काय करायचं?

गावकऱ्यांनी नाव बरोबर दिलंय. माणसं खरोखर गोल फिरतात. 2009 साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगून उपग्रहानं त्यांची वाट नोंदली. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ गेली. तो झाकला गेला की स्वतःचीच वाट ओलांडून परत आली, आणि आपण सरळच चाललोय अशी त्यांची खात्री होती. डोळे बांधल्यावर तर 20 मीटर व्यासाइतकी लहान वर्तुळंही झाली. एक पाय आखूड असतो म्हणून हे होतं, असं सांगतात ते खरं नाही, कारण तोच माणूस कधी डावीकडं वळतो, कधी उजवीकडं. प्रत्येक पावलाला दिशेच्या अंदाजात बारीक चूक होते, ती सुधारायला डोंगर, झाड, सूर्य काहीतरी दिसावं लागतं. मसाई पठार सपाट, झाडं कमी, पावसाळ्यात कधी कधी दहा फुटांपुढं दिसत नाही. चकव्याला याहून सोयीची जागा नाही.

शंका येताच थांबा, आणखी थोडं बघू म्हणून चालू नका. दहा मिनिटं बसा, काही खा. धुकं बऱ्याचदा तेवढ्यात जरा फाटतं आणि एखादी कड दिसते. बसल्या जागी दगडांचा छोटा ढीग रचा. होकायंत्र असेल तर वापरा. फोनचं वापरायचं तर चुंबकाचं कव्हर आधी काढा, त्यानं सुई चुकते. काहीच नसेल तर वारा धरा. पठारावर पावसाळी वारा बराच वेळ एकाच बाजूनं येतो. तो ज्या गालावर लागतोय त्याच गालावर ठेवून चला, मात्र दर पाच मिनिटांनी थांबून तपासा.

तिघे किंवा जास्त असाल तर रांगेची रीत सगळ्यात भरवशाची. पहिला जागेवर उभा राहतो. दुसरा काही पावलं पुढं, दिसतं त्याच्या निम्म्या अंतरावर. तिसरा त्याच्याही पुढं, पण पहिल्याला दिसेल इतकाच, आणि पहिला मागून ओरडून त्याला डावी-उजवीकडं सरकवत दुसऱ्याच्या रेषेत आणतो. मग पहिला चालत सगळ्यांच्या पुढं जातो आणि आता मागचे दोघं त्याला रेषेत आणतात. वेळ लागतो, पण वर्तुळ होत नाही. एकट्यानं पुढं ‘बघून येतो’ म्हणणाऱ्याला सोडू नका.

पाणी उताराला जातं म्हणून ओढा धरून खाली जायचा मोह होतो. सह्याद्रीत तो करू नका, ओढा कड्यावरून कोसळतो आणि धुक्यात कडा पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. अंधार पडू लागला तर चालणं बंद. एकमेकांना टेकून बसा, प्लास्टिक पांघरा, शिट्टीचे तीन सलग फुंकर, एक मिनिट थांबून पुन्हा तीन. फोन विमान मोडवर, प्लास्टिकच्या पिशवीत, अंगाशी गरम ठेवा. दर अर्ध्या तासानं सुरू करून 112 लावून बघा. लागला तर आधी शेवटचं ओळखीचं ठिकाण आणि तिथून निघाल्याची वेळ सांगा, बाकीचं नंतर.